मराठी शारीर परिभाषेतील अर्थांतर : ‘पेशी’, ‘स्नायू’ आणि ‘मज्जा’

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मानवी देहात ५०० पेशी व ९०० स्नायू सांगितले आहेत. आजच्या मराठी अर्थाने हे विधान वाचल्यास प्राचीन शारीरज्ञान हास्यास्पद ठरते, आणि तसे ते ठरविलेही जाते. वस्तुतः सुश्रुताची ‘पेशी’ म्हणजे आपण आज ज्याला स्नायू म्हणतो तो मांसाचा गठ्ठा होय. त्याचा ‘स्नायू’ हा सांधे बांधून ठेवणारा तंतुमय बंध आहे. पेशीसिद्धांत तर १८३८-३९ मधील. मराठीने जुनी नावे नव्या वस्तूंना दिली. हिंदीने मात्र ‘मांसपेशी’ हा शब्द राखून नव्या घटकास ‘कोशिका’ म्हटले.

‘मज्जा’ या शब्दाचेही असेच झाले. आयुर्वेदात ती सप्तधातूंपैकी सहावी, हाडांच्या पोकळीतील. मराठीत ‘मज्जासंस्था’ रूढ झाल्याने मूळ वस्तूस ‘अस्थिमज्जा’ असे विशेषण जोडावे लागले. ‘चेतासंस्था’ हा पर्याय प्रस्तुत लेखकास अधिक निर्दोष वाटतो.

मारेगाव परिसरात या परिभाषेखाली आणखी एक थर आहे. येथील वऱ्हाडी बोलीत गुडघा हा ‘टोंगळा’ असतो, आणि कोलाम कुटुंबात तर कोलामी ही द्रविड भाषा बोलली जाते. अशा घरातून आलेला विद्यार्थी शाळेत ‘पेशी’ एका अर्थाने शिकतो. पुढे आयुर्वेदाकडे वळल्यास पहिल्याच वर्षी तोच शब्द त्याच्यापुढे दुसऱ्या अर्थाने येतो.