चंद्राचे नाव धारण करणारी भाषा



जोयडा तालुक्यातील कॅसल रॉक हे 1961 साली गोवा मुक्त होईपर्यंत सरहद्दीवरचे स्टेशन होते. पोर्तुगीज मुलखातून येणाऱ्या सामानाची तेथे झडती होई, जकात बसे. शब्दांना मात्र कोणत्याच नाक्याने कधी अडविले नाही. पाव, बटाटा, चावी, घमेले हे पोर्तुगीज शब्द रेल्वेच्या कितीतरी आधी मराठी घरांत येऊन राहिले. आज अशाच एका पोर्तुगीज शब्दाची हकीकत सांगावयाची आहे. 'लुआ' म्हणजे चंद्र. हे एका संगणकीय भाषेचे नाव. ती गोव्याहून नव्हे, ब्राझीलहून आली; आणि तिच्या जन्मास एका परीने जकातनाकाच कारण झाला.

1977 पासून 1992 पर्यंत ब्राझीलने परदेशी संगणक व आज्ञावल्या यांच्या आयातीवर कडक निर्बंध घातले होते. देशाने आपली यंत्रे आपणच घडवावीत, हा हेतू. त्यामुळे यंत्रे महागली आणि मागासली, ही टीका काही खोटी नव्हे. परंतु रिओ द जानेरोच्या पाँटिफिकल कॅथॉलिक विद्यापीठातील 'टेकग्राफ' या गटाला त्याच अडचणीने काम दिले. पेट्रोब्रास या तेलकंपनीच्या अभियंत्यांना आकडे भरण्यासाठी व भूस्तरांचे आलेख काढण्यासाठी साधने हवी होती, आणि ती बाहेरून आणणे परवडण्यासारखे नव्हते. गटाने दोन छोट्या भाषा रचल्या; एक 'डेल', दुसरी 'सोल'. 1993 साली रोबेर्तो इएरुसालिम्स्की, लुईझ एन्रिके दि फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस या तिघांनी दोहोंच्या जागी एकच भाषा करावयाचे ठरविले. पोर्तुगीज भाषेत 'सोल' म्हणजे सूर्य. म्हणून एका मित्राने नव्या भाषेस 'चंद्र' हे नाव सुचविले.

ती वापरणारे लोक तेलाच्या व्यवसायातले. आज्ञावल्या लिहिणे हा त्यांचा धंदा नव्हे. त्यातून कंपनीतील यंत्रे नाना जातींची. म्हणून भाषा सोपी हवी आणि कोणत्याही यंत्रावर चालावयास हवी. यादी, कोश, रांग यांसाठी निरनिराळी भांडी न मांडता लुआने 'टेबल' हे एकच पात्र ठेवले. तिचा दुभाष्या, म्हणजे लिहिलेली आज्ञा वाचून तेथल्या तेथे अमलात आणणारी आज्ञावली, आजही सुमारे तीनशे किलोबाइटांत मावते.

हा आटोपशीरपणा पुढे भलत्याच ठिकाणी उपयोगी पडला. पंप, वीजमापक, हवामानयंत्रे यांच्या पोटात नखाएवढा संगणक असतो आणि त्याची काम करावयाची स्मृती फार थोडी असते. किती थोडी? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली सुरू झालेल्या 'टिफ्रॅक' संगणकाची स्मृती 2048 शब्दांची होती, प्रत्येक शब्द 40 बिटांचा. म्हणजे अवघे 10 किलोबाइट. आजचे हे भाषण देवनागरीत साठविले, तर जवळजवळ तेवढीच जागा अडवील. आणि 2016 साली ब्रिटनमधील शाळकरी मुलांना वाटलेल्या 'मायक्रोबिट' या पट्टीवर तरी किती? 16 किलोबाइट! त्यातही डेमियन जॉर्ज यांनी 2013 साली आरंभिलेली 'मायक्रोपायथन' ही भाषा संसार करते. लुआच्या घराण्यात हे काम 2008 च्या सुमारास 'ईलुआ'ने हाती घेतले. जी टेबले कधी बदलत नाहीत, ती तिने कायमच्या स्मृतीत नेऊन ठेवली व कामाची स्मृती मोकळी केली. घरातली मोठी भांडी माळ्यावर टाकावी तसे. 2014 साली 'नोडएमसीयू'ने एका स्वस्त चिनी बिनतारी चिपवर लुआ आणली, आणि ती हौशी माणसांच्या हाती गेली.

आपल्या मुलखात याचे महत्त्व काय? काळी नदीचा उगम दिग्गीकडचा. समजा, अशा डोंगराळ गावी पर्जन्यमापक बसविला आहे व तो तासातून एकदा नोंद करतो. मुसळधार पावसात ती दर पाच मिनिटांनी हवी. एरवी आज्ञा पुन्हा यंत्रभाषेत उतरवून सबंधच्या सबंध चिपमध्ये भरावी लागते. त्याची साधने व जाणकार शहरात. आज्ञा साध्या लिखित ओळींत असेल, तर गावातच ती एक ओळ बदलता येते. यंत्र कोणाच्या हुकमतीत राहावे, हा प्रश्न माझ्या मते येथे आहे, वेगाचा नव्हे. वेगात ही भाषा मागेच पडते. शिवाय दुभाष्याच्या स्वतःच्या मुक्कामासाठी जागा द्यावी लागते, आणि जेथे तेवढीही नाही तेथे आधीच यंत्रभाषेत उतरविलेल्या आज्ञांना पर्याय नाही.

एक गोष्ट राहिली. लुआच्या कर्त्यांची मातृभाषा पोर्तुगीज, तरी भाषेचे राखीव शब्द त्यांनी इंग्रजीच ठेवले. 5.4 या आवृत्तीत ते 22 आहेत. मराठी शाळेतल्या सातवीच्या मुलांना ते पाठ करावयास एक दुपार पुरावी.