एक लिपी, दोन वाचक

दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. दोहोंत फरक एका रकाराच्या वळणाचा आहे. तो फरक जपणारी मराठी आणि त्याची गरज न भासणारी हिंदी, या दोन्ही भाषा देवनागरीतच लिहिल्या जातात.

भिलाईच्या वैशाली नगरासारख्या वस्तीतील मराठी कुटुंबाला हे निराळे सांगावे लागत नाही. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा आणि नागपूर एकाच मध्य प्रदेश राज्यात होते आणि राजधानी नागपूरला होती. पुढे राज्यांची पुनर्रचना झाली. १९५९ मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली आणि देशभरातील माणसे तेथे येऊन स्थायिक झाली. शाळेत हिंदी आणि घरी मराठी हा दुहेरी व्यवहार त्यांतील मराठी घरांच्या अंगवळणी पडला. कागदावर त्याची अडचण नव्हती. ती उभी राहिली संगणकाच्या पडद्यावर.

१९९१ साली युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीला स्थान मिळाले. तेथे क्रमांक दिले गेले ते लिपीतील अक्षरांना, भाषांना नव्हे. सोय मोठी होती. परंतु मराठीच्या वाट्याला काही उणिवा आल्या. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र क्रमांक मिळण्यास २००८ साल उजाडावे लागले.

याच काळात मुक्तस्रोत आज्ञावलींची चळवळ वाढत होती. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. आज्ञावली कोणीही वाचावी, सुधारावी आणि दुसऱ्यास द्यावी, हे तिचे सूत्र. २००४ मध्ये रेड हॅट या कंपनीने ‘लोहित’ हे भारतीय लिपींचे अक्षरसंच याच तत्त्वावर खुले केले. लोहित म्हणजे तांबडा. कंपनीच्या नावाशी ते नाते सांगणारे नाव.

काम वाढले तसा मूलभूत प्रश्न पुढे आला: हे कोणासाठी करावयाचे? आरंभी लोहितमध्ये हिंदी, मराठी, नेपाळी यांचे संच वेगवेगळे होते. प्रत्येक वाचकाला आपले अक्षर मिळे; परंतु एक चूक दुरुस्त करावयाची तर ती अनेक ठिकाणी करावी लागे, आणि करणारे हात थोडे. पुढे हे संच ‘लोहित देवनागरी’ या एका नावाखाली एकत्र आले. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे त्याच संचात राहिली. मात्र मजकुराची भाषा मराठी आहे, असे संगणकास कळविले तरच ती पडद्यावर उमटतात. तसे न कळविल्यास हिंदी वळणे दिसतात. २००९ च्या वर्णमालेविषयीच्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात मराठी वळणेच प्रमाण ठरविली. तथापि निर्णय कागदावर झाला म्हणून अक्षर पडद्यावर बदलत नाही.

शब्दांचीही तीच गत. ‘फाइल’ म्हणावे की ‘संचिका’? एक शब्द नवशिक्यास ओळखीचा, दुसरा भाषेच्या घडणीस जवळचा. स्वयंसेवक जितके, तितकी मते. एकाच पडद्यावर एकाच क्रियेला दोन नावे दिसू नयेत, म्हणून २००८ मध्ये ‘फ्यूएल’ हा उपक्रम सुरू झाला. वारंवार येणाऱ्या शब्दांची भाषावार यादी चर्चेने निश्चित करणे, हा त्याचा उद्देश.

एकीकरणाने श्रम वाचले, हे खरे. पण त्याची किंमत संख्येने लहान असलेल्या वाचकाने मोजली. भाषा कळविण्याचे ओझे त्याच्यावर पडले आणि ज्याला ते ठाऊक नव्हते, त्याचे अक्षर निमूटपणे बदलून गेले. मात्र मुक्तस्रोताच्या व्यवहारात निकाल कायमचा नसतो. ज्याला उणीव जाणवते त्याला ती दाखविण्याचा, आणि येत असेल तर भरून काढण्याचाही अधिकार असतो. पुण्यातील वाचकाला तो जितका आहे तितकाच वैशाली नगरातील वाचकालाही आहे. तो वापरला गेला नाही, तर मात्र लिपी एक राहील आणि वाचकही एकच उरेल.