मिसळलं म्हणजे एकजीव झालं का?

शेवभाजीवर तर्री का येते, हे खानदेशात कुणी विचारत नाही. तेल आणि पाणी कितीही ढवळा, भाजी खाली उतरवली की तेल वर येतंच. प्लॅस्टिकच्या इतिहासातली एक मोठी आशा याच गोष्टीवर फसली. तिच्या केंद्रस्थानी होतं मक्याचं स्टार्च. आपल्या दोंडाईच्यात ते बनवणारी 'युनिव्हर्सल स्टार्च-केम अलाइड' ही कंपनी 1973 सालची.

त्याच दशकात इंग्लंडच्या ब्रुनेल विद्यापीठात जेराल्ड ग्रिफिन पॉलिथिनमध्ये स्टार्चचे दाणे मिसळत होते. यातून पुढे आशा वाढली, की जंतू स्टार्च खातील आणि पिशवीची माती होईल.

स्टार्च आणि पॉलिथिन दोन्ही पॉलिमर, म्हणजे रेणूंच्या लांबलचक साखळ्या. पण साखळ्या जितक्या लांब तितकं मिसळणं अवघड, हे फ्लोरी आणि हगिन्स यांच्या गणितातून 1942च्या सुमारासच कळलं होतं. साखरेचे सुटे रेणू पाण्यात मोकळे पसरतात. साखळीत बांधलेल्या कड्यांना ती मोकळीक नसते. त्यामुळे दोघांना एकमेकांची ओढ असावी लागते. इथे स्टार्चला पाणी प्रिय, तर पॉलिथिन तेलाच्या जातीचं.

मिश्रण खरंच एकजीव आहे का, हे तापवल्यावर कळतं. पॉलिस्टायरीन 100 अंश सेल्सिअसच्या आसपास कडकपणा सोडतं, पॉलिफिनिलीन ऑक्साइड 210च्या आसपास. ही दोघं मिसळली की मधलं एकच तापमान दिसतं. 1960च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकने यातूनच 'नोरिल' बनवलं. न मिसळणारी जोडी मात्र आपापली दोन तापमानं राखून असते.

स्टार्च-पॉलिथिनच्या पिशवीत स्टार्च कुजलं तरी पॉलिथिन उरतं. 'विघटनशील' पिशव्यांच्या जाहिरातींवरून 1990 साली अमेरिकेतल्या काही राज्यांनी मोबिल कंपनीला कोर्टात खेचलं.

पुढची वाट कुरडयांच्या चिकासारखी होती. कोरडं स्टार्च तापवलं तर वितळण्याआधीच करपतं. पाण्यासोबत मात्र 65-70 अंशांच्या आसपास फुगून चिकट होतं. पाणी आणि ग्लिसरीन घालून, तापवून मळलं की ते प्लॅस्टिकसारखं वळतं. मग त्याला जोड दिली कुजणाऱ्या पॉलिएस्टरची. ही जोडीही पूर्ण एकजीव होत नाही, पण योग्य ऊब, ओल आणि जंतू मिळाले तर दोघंही कुजतात.

23 मार्च 2018ला महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली. आता कुणी 'मक्याची पिशवी' म्हणून हातात दिली, तर एवढंच विचारा: मक्याच्या जोडीला कोण आहे?