हॅलो

हॅलो : इंग्रजीतील उद्गारवाचक अव्यय, मराठीतही पूर्ण रुळलेले. आजचा अर्थ अभिवादनाचा. मुळात मात्र ही हाक आहे.

इंग्रजीत हॅलोच्या आधी ‘हलो’, ‘होलो’ अशी रूपे होती. पैलतीरावरच्या नावाड्याला बोलावताना जुन्या जर्मनमध्ये जी हाक मारत, तिच्याशी त्यांचे नाते जोडले जाते. शिकारी कुत्र्यांना चेव आणण्यासाठीही असेच ओरडत. ‘हॅलो’ हे रूप एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत छापले जाऊ लागले, तेव्हा त्याचा अर्थ ‘अहो, इकडे!’ किंवा ‘अरेच्चा!’ असा होई. भेटल्यावर कुणी कुणाला हॅलो म्हणत नसे.

हाकेचे अभिवादन केले ते टेलिफोनने. सुरुवातीच्या काळात दोन ठिकाणांमधली तार सतत जोडलेली ठेवण्याची कल्पना होती. मग पलीकडच्या माणसाला यंत्रापाशी आणायचे कसे? अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांची पसंती ‘अहॉय’ या खलाशांच्या हाकेला होती. थॉमस एडिसन यांनी 15 ऑगस्ट 1877 रोजी पिट्सबर्गच्या टी. बी. ए. डेव्हिड यांना कळवले, की वेगळी घंटा लागणार नाही, ‘हॅलो’ दहा-वीस फुटांवरूनही ऐकू येतो. पुढे घंटा आली, तरी हॅलो टिकला. एक्स्चेंजमध्ये तारा जोडून देणाऱ्या मुलींना अमेरिकेत ‘हॅलो गर्ल’ म्हणू लागले. मार्क ट्वेन यांच्या 1889 च्या कादंबरीत हा शब्द आला आहे.

‘मार्गारेट हॅलो’ हे बेल यांच्या प्रेयसीचे नाव होते, ही मोबाइलवर पुन्हापुन्हा फिरणारी गोष्ट साफ खोटी आहे. बेल यांचे लग्न 1877 मध्ये मेबल हबर्ड यांच्याशी झाले. ही गोष्ट शाळकरी मुलांना सामान्यज्ञान म्हणून सांगितली जाते, हे वाईट आहे. खरा इतिहास तिच्याहून कितीतरी रंजक आहे.

मुंबईत 1882 मध्ये टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. मराठीत हा शब्द आजही फोनशीच घट्ट बांधलेला आहे. समोरासमोर ‘नमस्कार’ किंवा ‘राम राम’ घालणारा माणूसही फोन उचलून ‘हॅलो, कोण बोलतंय?’ असेच विचारतो. 2022 च्या ऑक्टोबरात महाराष्ट्र शासनाने, फोनवर हॅलोऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणावे, असे आवाहन सरकारी कर्मचाऱ्यांना केले होते.

मराठी वापरात जुनी हाक अजून जिवंत आहे. रेंज गेली की बोलणे अर्धवट टाकून ‘हॅलो... हॅलो... आवाज येतोय का?’ सुरू होते. तिथे अभिवादनाचा प्रश्नच नसतो. गणेशोत्सवाच्या मांडवात कार्यक्रमाआधी माइकवर बोटाने टकटक करून ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’ म्हणतात, तेही तसेच. आगाऊपणा करणाऱ्याला थांबवताना लो लांबवून ‘ओ हॅलोऽऽ’ म्हणतात. हा वापर अलीकडचा, मुख्यतः तरुणांच्या बोलण्यातला.