लक्ष्मीतलावाच्या काठी

झाशीच्या लक्ष्मी दरवाजाबाहेरील तलावाचा काठ हा तेथील मराठी वस्तीच्या इतिहासाचा एक दप्तरखानाच होय. कोकणातून आलेल्या नेवाळकरांकडे अठराव्या शतकात पेशव्यांची सुभेदारी आली. त्यांच्या आश्रयाने भिक्षुक, कारकून, शिलेदार यांची घरे बुंदेलखंडात वसली. परमुलखात बिऱ्हाड मांडावयाचे तर कुलस्वामिनी जवळ हवी. तलावाकाठी महालक्ष्मीचे देवालय उभे राहिले. पूजा-नैवेद्याच्या खर्चासाठी गावे लावून दिलेली होती.

२१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव निवर्तले. राणी लक्ष्मीबाईंनी त्यांची छत्री याच परिसरात बांधविली. १८५४ मध्ये संस्थान खालसा झाले आणि कंपनी सरकारने देवालयाकडील गावेही काढून घेतली. राज्य जाणे हा दरबाराचा आघात होता; देवीचा नैवेद्य तुटणे हा घराघरांतला. १८५७ च्या कारणांची चर्चा करताना ही बाब सहसा निसटून जाते.

वरसईचे विष्णुभट गोडसे त्या धामधुमीत झाशीत होते. बाईसाहेब देवीच्या दर्शनास कधी पालखीतून, कधी घोड्यावरून जात, असे त्यांनी ‘माझा प्रवास’मध्ये लिहून ठेवले आहे. तो ग्रंथ प्रथम छापला गेला १९०७ साली. एप्रिल १८५८ मध्ये इंग्रजी फौज शहरात शिरली, तेव्हाची कत्तल आणि लूटही त्यांनी पाहिली.

पुढे १८६१ मध्ये शहर शिंद्यांकडे गेले, १८८६ मध्ये पुन्हा इंग्रजांकडे आले. गंगाधररावांची छत्री तलावाकाठी राहिली. राणीची समाधी मात्र ग्वाल्हेरला आहे.