राखोळीच्या गाई

वारीला निघताना आपण घराची किल्ली शेजाऱ्याकडे देतो. आमच्या लहानपणी गाईचे दावेही देत असू. परक्याची गुरे सांभाळणे, आणि त्याबद्दलची मजुरीही, म्हणजे राखोळी. मजुरीऐवजी उत्पन्नात निम्मा वाटा ठरला, तर ती अर्धेल.

हा व्यवहार फार जुना. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात गुरांचा धनी आणि गुराखी यांच्या वादाचे स्वतंत्र प्रकरण आहे. गुरे सकाळी जशी सोपवली, तशी संध्याकाळी परत करावीत. वेतन घेणाऱ्या गुराख्याच्या हलगर्जीने जनावर दगावले, तर त्याने भरून द्यावे. याच स्मृतीवर कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वरांनी मिताक्षरा लिहिली, ज्ञानोबारायांच्याही आधी. शास्त्राने वेतनवाल्याला असा बांधून ठेवला. पण जो काहीच घेत नाही, त्याचे काय?

१९७२ चा दुष्काळ आठवा. मिलो ज्वारीची भाकरी, सुकडी, खडी फोडण्याचे काम. आमच्या विहिरीने तळ गाठला. वडिलांनी तीन दुभत्या गाई पलीकडच्या वस्तीवरच्या शेजाऱ्याकडे नेऊन बांधल्या. त्याच्या विहिरीला अजून थोडा झरा होता. राखोळी विचारली, तर तो म्हणाला, "बुवा, पाण्याचे पैसे घेऊ का?"

१९७३ च्या श्रावणात रानात गवत दिसले, तेव्हा आम्ही गाई आणायला गेलो. दावणीला दोनच होत्या. तिसरी उन्हाळ्यात गेली होती. शेजाऱ्याने मान खाली घातली आणि स्वतःची कालवड सोडून आमच्यापुढे उभी केली. वडिलांनी तिचे दावे परत त्याच्या हातात दिले. म्हणाले, "तू वेतन घेतले नाहीस. शास्त्राने तुझ्यावर देणे नाही. देणे माझ्यावर आहे."

तो माळकरी, पण गुरांपायी त्याची आषाढी कधी घडली नव्हती. पुढच्या आषाढात वडील म्हणाले, "यंदा वारी तुझी, राखोळी माझी." नेमाचे वारकरी असून ते घरी राहिले, दोन्ही गोठ्यांचे शेण काढत. पौर्णिमेला गोपाळपूरचा काला करून शेजारी परतला. प्रसादाच्या लाह्या त्याने आधी आमच्या गाईंना दिल्या, मग वडिलांना.

पुढे मी पुष्कळ वर्षे काल्याचे कीर्तन केले. कृष्णाने सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या हे सांगताना मला ते दोन गोठे दिसत. माऊली, यंदा दिंडीत पाऊल टाकण्यापूर्वी, मागे आपल्या दावणीशी कोण उभे आहे ते पाहा. त्याची वारी कधी घडणार, हे त्याला विचारा.