लॅमेटासॉरस : चिलखत कोणाचे, कंबर कोणाची?

१/ जबलपूरच्या बारा सिमला टेकडीवर १९१७ ते १९१९ या काळात चार्ल्स मॅटली यांनी उत्खनन केले. सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या थरांत त्यांना कमरेची हाडे, त्यांना जोडणारे त्रिकास्थी, नडगीचे हाड आणि कवचाचे असंख्य अस्थिपट्ट मिळाले.

२/ हे सारे अवशेष एकाच प्राण्याचे, असे मॅटली यांनी मानले. नर्मदेच्या लमेटा घाटावरून तेथील खडकांना ‘लमेटा’ हे नाव पडले होते. त्यावरून हा चिलखती, शाकाहारी डायनासोर ‘लॅमेटासॉरस इंडिकस’ झाला.

३/ मात्र एका जागी सापडणे म्हणजे एका देहाचे असणे नव्हे. निरनिराळ्या हस्तलिखितांची पाने एकाच बासनात बांधली गेली, तर त्यांची एक पोथी होत नाही. १९३५ मध्ये डी. के. चक्रवर्ती यांनी हा प्राणी चिलखती होता काय, असा थेट प्रश्न विचारला.

४/ पुढे चित्र पालटले. कमरेची आणि पायाची हाडे दोन पायांवर चालणाऱ्या मांसाहारी डायनासोरची ठरली. कवच बहुधा टायटॅनोसॉर या लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांचे असावे. म्हणजे एकाच नावाखाली भक्षक आणि भक्ष्य एकत्र नांदत होते!

५/ १९८५ मध्ये अर्जेंटिनातील जीवाश्मावरून ‘ॲबेलिसॉरिड’ हे मांसाहारी कुळ प्रस्थापित झाले. दक्षिण अमेरिका, मादागास्कर आणि भारत हे एकेकाळी गोंडवन या महाखंडाचे भाग. या तिन्ही भूमींवर हे कुळ आढळते. लॅमेटासॉरसची कंबरही याच कुळातील मानली जाते.

६/ २००३ मध्ये गुजरातमधील रहिओली येथील अवशेषांना ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ हे नाव मिळाले. तोही ॲबेलिसॉरिडच. मग दोघे एकच तर नव्हेत? तसे सिद्ध झाल्यास नामकरणाच्या नियमानुसार जुन्या नावाचा हक्क आधी येतो आणि ‘राजा’चे सिंहासन डळमळते.

७/ निवाडा मूळ हाडे शेजारी ठेवूनच होऊ शकतो. परंतु मॅटली यांनी वर्णिलेली ती कंबर आणि नडगी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात शोधूनही सापडली नाहीत. उरली आहेत ती त्यांची वर्णने आणि चित्रे.

८/ कोट्यवधी वर्षे खडकाने जे जपले, ते माणसाच्या हाती आल्यावर शंभर वर्षेही टिकले नाही. शोध लावणे हे अर्धेच काम. पुरावा पुढच्या पिढीच्या हाती सुखरूप सोपवणे हे उरलेले अर्धे.